खानदेशातल्या हायस्कूलमध्ये रसायनशास्त्राचे प्रकल्प: नव्या शिक्षकांसाठी

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात, शिंदखेड्याच्या कोरडवाहू गावात किंवा धडगावच्या आश्रमशाळेत तुम्ही विज्ञान शिकवायला नुकतेच रुजू झाला असाल, तर पावसाळा सरायच्या आत मुलं विचारतील, "सर, यंदा प्रदर्शनात काय ठेवायचं?" घाईत सुचणारं उत्तर म्हणजे खाण्याचा सोडा आणि व्हिनेगरचा ज्वालामुखी. तो करू नका. फेस येणार हे सगळ्यांना आधीच ठाऊक असतं, मोजायला त्यात काही नसतं, आणि मुलांचा वेळ रसायनापेक्षा थर्माकोल रंगवण्यात जातो.

चांगल्या प्रकल्पाला तीनच गोष्टी लागतात: मुलाच्या घरातला किंवा शेतातला एक प्रश्न, मुद्दाम बदलायची एकच गोष्ट, आणि परिणाम मोजायची एक रीत. "पाण्याचं प्रदूषण" हा प्रश्न नाही, तो निबंधाचा विषय आहे. "आमच्या बोअरच्या पाण्याला गावच्या टाकीतल्या पाण्यापेक्षा किती जास्त साबण लागतो?" हा प्रश्न. तो नववीतल्या मुलीला स्वतः सोडवता येतो, उत्तर आकड्यात येतं, आणि ते उत्तर तिच्या आईच्याही कामाचं असतं. खानदेशात असे प्रश्न शोधायला फार लांब जावं लागत नाही. खाली जे देतो आहे ते नववी-दहावीच्या पुस्तकातल्या आम्ल, आम्लारी, रासायनिक अभिक्रिया आणि कार्बनी संयुगे या भागांशी सरळ जुळतं. अकरावी-बारावीसाठी त्यातच पुढची पायरी सांगतो.

आधी कपाट आणि नियम

पहिल्या आठवड्यात प्रयोगशाळेचं कपाट रिकामं करा. लेबल गेलेली बाटली असेल तर वास घेऊन ओळखायचा प्रयत्न करू नका. ती वेगळी ठेवा, कुलपात ठेवा आणि मुख्याध्यापकांना लेखी कळवा. संहत आम्लं खालच्या कप्प्यात, प्लास्टिकच्या घमेल्यात उभी ठेवा. सुती ॲप्रन आणि हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे प्लास्टिकचे पारदर्शक गॉगल एका गटापुरते तरी घ्याच. वाळूची बादली दाराजवळ असू द्या.

मुलांना सांगायचे नियम थोडेच, पण ते दर तासाला सांगायचे. आम्ल नेहमी पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात नाही. तोंडाने पिपेट ओढायची नाही. मेडिकलमधली बिनसुईची सिरिंज त्याहून सोपी आणि सुरक्षित असते. स्पिरिटचा दिवा पेटलेला किंवा गरम असताना भरायचा नाही, आणि एप्रिलच्या उन्हात तर स्पिरिटची बाटली खिडकीपाशी ठेवायचीसुद्धा नाही. प्रयोगाच्या टेबलावरचं काहीही खायचं नाही, केळंसुद्धा. अंगावर काही सांडलं तर वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरायचं, मग पुढचं.

एक गोष्ट मात्र वेगळी समजावून सांगा, कारण मुलं ती घरून आणू शकतात. ग्रामपंचायतीच्या टाकीत टाकायची टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर, आणि संडास साफ करायचं ॲसिड ही दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. तो फुप्फुसं जाळतो. या दोन वस्तू एका वेळी एका खोलीत नकोतच.

पहिला प्रकल्प: फुलांचे दर्शक

सुरुवात इथून करा, कारण खर्च जवळपास नाही आणि हात बसतो. जास्वंदीच्या पाकळ्या किंवा गोकर्णाची निळी फुलं गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवा, गाळा. गाळणकागदाच्या पट्ट्या त्यात बुडवून सावलीत वाळवा. उन्हात रंग उडतो. जास्वंद आम्लात लालसर-गुलाबी आणि आम्लारीत हिरवी होते. गोकर्णाची निळाई लिंबाच्या रसात जांभळी-गुलाबी होते, आम्लारीत हिरवट होते. हळद आम्लात पिवळीच राहते, पण आम्लारीत तांबडी होते.

एवढ्यावर थांबलात तर ते प्रात्यक्षिक झालं, प्रकल्प झाला नाही. प्रकल्प करायचा तर पुढे जा: लिंबाचा रस, ताक, खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा, चुन्याची निवळी अशा सामू (पीएच) माहीत असलेल्या किंवा सामूपट्टीने तपासलेल्या पदार्थांतून प्रत्येक फुलाची रंगपट्टी बनवा, आणि मग गावातल्या अनोळखी नमुन्यांचा सामू त्या पट्टीवरून सांगा. शेवटी बाजारच्या सामूपट्टीशी ताडून पाहा. कोणतं फूल किती चुकतं, हाच निकाल.

दुसरा प्रकल्प: केळं पिकताना आत काय होतं

जळगाव जिल्ह्यातल्या शिक्षकाने दुसरं काही केलं नाही तरी चालेल, पण हा प्रकल्प करावाच. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेलं जळगावचं केळं मुलांच्या घरी रोज असतं, आणि ते पिकणं म्हणजे डोळ्यांदेखत घडणारी रासायनिक अभिक्रिया आहे. कच्च्या केळ्यात पिष्टमय पदार्थ, म्हणजे स्टार्च, भरलेला असतो. पिकताना विकरं त्याची साखर करतात. आयोडीन स्टार्चला निळं-काळं करतं, साखरेला करत नाही. म्हणून आयोडीनचा थेंब टाकून आत किती स्टार्च उरला ते पाहता येतं.

कृती अशी:

१. एकाच घडाच्या शेजारशेजारच्या दोन फण्या घ्या. वेगळ्या घडांची केळी घेतलीत तर वयातला फरक निकालात शिरतो. कापणीला आलेली, हिरवी, टणक केळी हवीत. शेतकरी पालक आनंदाने देतात.

२. मेडिकलमधून टिंक्चर आयोडीन आणा. एक मिलिलिटर टिंक्चर दहा मिलिलिटर पाण्यात मिसळा. कपड्यांवर आणि बोटांवर डाग पडतात, म्हणून ॲप्रन घालूनच काम.

३. केळ्यांचे तीन वाटे करा. एक वर्गात उघड्यावर, दुसरा बंद पुठ्ठ्याच्या खोक्यात, तिसरा तशाच खोक्यात पण सोबत एक पूर्ण पिकलेलं केळं. तिन्ही एकाच खोलीत, सावलीत.

४. रोज ठरलेल्या वेळी प्रत्येक वाट्यातलं एक केळं घ्या. आधी सालीचा रंग लिहा. मग मधोमध अर्धा सेंटिमीटर जाडीची चकती कापा, तिच्यावर मोजून पाच थेंब आयोडीन पसरवा, एक मिनिट थांबा, जादाचं टिपकागदाने टिपा.

५. आलेखाचे चौकोन काढलेलं पारदर्शक प्लास्टिक चकतीवर ठेवा. काळे चौकोन मोजा, एकूण चौकोन मोजा, टक्केवारी काढा. कोणता भाग आधी फिका पडतो, मधला की सालीकडचा, त्याचं चित्र काढा.

६. खोलीचं तापमान सकाळी, दुपारी आणि शाळा सुटताना लिहा.

पाचवी पायरी गाळू नका. "जास्त काळं", "कमी काळं" असं लिहिलं की दोन मुलांत वाद होतो. चौकोन मोजले की वाद मिटतो आणि आलेख काढता येतो.

तिसरा वाटा बहुतेक सगळ्यांत आधी पिकतो. पिकलेल्या केळ्यातून इथिलीन वायू सुटतो आणि तो शेजारच्या कच्च्या फळांना पिकायला लावतो. रायपनिंग चेंबरमध्ये हेच मोजून करतात. भारतातल्या अन्नसुरक्षेच्या नियमांत इथिलीन वायू दहा लाख भागांत १०० भागांपर्यंत वापरायची मुभा आहे. कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला मात्र कायद्याने बंदी आहे. कार्बाइडवर पाणी पडलं की ॲसिटिलीन सुटतो. तो पेट घेतो, आणि बाजारच्या कार्बाइडमध्ये आर्सेनिक व फॉस्फरसचे अंश असतात. तुलना करायला म्हणून कोणी कार्बाइडचा खडा आणून दिला तरी तो वर्गात घेऊ नका.

खानदेशात या प्रकल्पाला आणखी एक धार आहे. इथल्या कॅव्हेंडिश गटातल्या जी-९ केळ्याला तापमान फार वाढलं की साल नीट पिवळी होत नाही, पण आतला गर मऊ आणि गोड होऊन जातो. साल एक सांगते, आयोडीन दुसरंच. उलट कडाक्याच्या थंडीत, साधारण १३ अंशांच्या खाली, साल काळपट पडते आणि पिकणं रखडतं. हाच प्रयोग एकदा डिसेंबर-जानेवारीत आणि एकदा मार्चच्या शेवटी केला, दोन्ही आलेख एका कागदावर काढले, तर कोणत्याही जिल्हा प्रदर्शनात मान वर करून उभं राहता येईल असं काम होतं. रंगावरून केळं ओळखणाऱ्या व्यापाऱ्यालाही ते थांबून पाहावंसं वाटेल.

दहावीच्या पुढच्या मुलांनी गराचा पाण्यातला अर्क गाळून बेनेडिक्ट द्रावणाबरोबर उकळत्या पाण्यात धरावा. ग्लुकोज, फ्रुक्टोज वाढतील तसा रंग हिरवट, पिवळा आणि शेवटी विटकरी होत जातो. स्टार्च कमी होताना साखर वाढते, हे दोन वेगळ्या परीक्षांनी सिद्ध होतं.

तिसरा प्रकल्प: पाण्याचा जडपणा

आपल्याकडे बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि बंबात पांढरा थर बसतो. ठिबकच्या ड्रिपरची तोंडंही याच थराने बुजतात, म्हणून शेतकरी नळ्यांत सौम्य ॲसिड सोडून ॲसिड ट्रीटमेंट करतात. ती मुलांनी घरी पाहिलेली असते. तिच्यामागचं रसायन त्यांना सांगा, डोळे चमकतात.

कपड्याच्या साध्या साबणाचा एक ग्रॅम कीस १०० मिलिलिटर कोमट ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवा. बॅटरीत टाकायचं पाणी चालतं. डिटर्जंटची वडी नको. ती जड पाण्यातही फेस देते आणि सगळा प्रयोग फसतो. सारख्या बाटल्यांत प्रत्येकी २० मिलिलिटर नमुना घ्या: बोअर, विहीर, नळ, आरओचा जार, पावसाचं पाणी, बॅटरीचं पाणी. पाच-पाच थेंब साबणाचं द्रावण टाका, झाकण लावून दहा सेकंद हलवा. एक सेंटिमीटर फेस एक मिनिट टिकेपर्यंत टाकत राहा. एकूण थेंब लिहा. प्रत्येक नमुना तीनदा करा आणि सरासरी घ्या.

आता तोच नमुना दहा मिनिटं उकळा, थंड करा, गाळा, आटलेलं पाणी बॅटरीच्या पाण्याने भरून काढा आणि पुन्हा थेंब मोजा. जेवढे थेंब कमी लागले तेवढा तात्पुरता जडपणा. पाण्यातलं कॅल्शियम बायकार्बोनेट उकळल्यावर फुटतं. कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि न विरघळणारं कॅल्शियम कार्बोनेट खाली बसतं. उरलेला जडपणा कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या सल्फेट आणि क्लोराइडचा, तो उकळून जात नाही. बंबातला किंवा लॅटरलमधला (ठिबकच्या नळीतला) थर खरवडून त्यावर व्हिनेगर टाका. सुटणारा वायू चुन्याच्या निवळीत सोडला की ती दुधाळ होते. ॲसिड ट्रीटमेंटमध्ये लॅटरलच्या आत हेच घडतं.

कोणीतरी टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार दाखवणारं यंत्र, घेऊन येईल. येऊ द्या, पण जडपणा आणि टीडीएस एक नव्हेत हे मुलांनाच शोधू द्या: बॅटरीच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकून दोन्ही मोजायला सांगा. टीडीएस उडी मारतो. साबणाच्या थेंबांत जड पाण्यासारखी वाढ होत नाही.

अकरावी-बारावीच्या गटाला खरं अनुमापन द्या. ५० मिलिलिटर पाणी, सामू १० चं बफर, एरिओक्रोम ब्लॅक टी दर्शक, आणि ब्युरेटमध्ये ०.०१ मोलर ईडीटीए. मद्यासारखा लाल रंग स्वच्छ निळा झाला की थांबायचं. जितके मिलिलिटर लागले त्याला २० ने गुणलं की लिटरला इतके मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट, हे उत्तर येतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० मिलिग्रॅम ही स्वीकारार्ह मर्यादा आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतं. नववीच्या गटाचे थेंब आणि बारावीच्या गटाचे मिलिग्रॅम एकाच पाण्यासाठी मांडले तर साबणाचा साधा प्रयोग किती भरवशाचा होता तेही कळतं. बफरमध्ये अमोनिया असतो. खिडक्या उघड्या ठेवा.

चौथा प्रकल्प: सोडा आणि पापडखार

फेब्रुवारी-मार्चमध्ये घरोघरी उडदाचे पापड लाटले जातात, तेव्हा हा घ्या. खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. तो तापवला की पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड निघून सोडियम कार्बोनेट उरतं. गणितानुसार १६८ ग्रॅमचे १०६ ग्रॅम उरतात, म्हणजे दहा ग्रॅमचे सुमारे ६.३ ग्रॅम. हे मुलांच्या हातून खरं ठरलं की वस्तुमान अक्षय्यतेचा नियम पाठ करावा लागत नाही.

स्टीलच्या रुंद थाळीचं वजन करा, दहा ग्रॅम सोडा पातळ पसरा, मंद आचेवर पंधरा मिनिटं हलवत तापवा, गार झाल्यावर वजन घ्या. पुन्हा पाच मिनिटं तापवून पुन्हा वजन. दोन वजनं सारखी आली की झालं. शाळेचा काटा बारीक नसेल तर गावातल्या सोनाराला विनंती करा. त्याचा काटा मिलिग्रॅमपर्यंत बोलतो.

मग फिनॉल्फ्थॅलिन हा दर्शक. खाण्याच्या सोड्याच्या ताज्या, थंड द्रावणात त्याचा रंग जेमतेम फिका गुलाबी येतो किंवा येतच नाही. तापवलेल्या सोड्यात गडद गुलाबी येतो. आता दोन-तीन दुकानांतले पापडखार आणा आणि दोन्ही परीक्षा करा. कशात कार्बोनेट जास्त, कशात बायकार्बोनेट? इथे मुलांना एका सापळ्याची कल्पना द्या: वजन घटलं म्हणजे बायकार्बोनेटच होतं असं नाही. धुण्याच्या सोड्याच्या स्फटिकांत बरंच पाणी बांधलेलं असतं, तेही तापवल्यावर उडून जातं. म्हणून निघणारा वायू चुन्याच्या निवळीत सोडून पाहायचा. निवळी दुधाळ झाली तरच बायकार्बोनेट. निष्कर्ष काढायच्या आधी दुसरं कारण शक्य आहे का, हे विचारायची सवय लागायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

गढूळ पाणी आणि तुरटी, थोडक्यात

जुलै-ऑगस्टमध्ये तापी, गिरणा, पांझरा सगळ्या गढूळ वाहतात. नमुना मोठ्या माणसाने आणावा, मुलांना पुराच्या काठावर पाठवू नका. दहा ग्रॅम तुरटी एक लिटर पाण्यात विरघळवा. या द्रावणाचा एक मिलिलिटर एक लिटर गढूळ पाण्यात टाकला की दहा मिलिग्रॅमचा डोस होतो. पाच बाटल्यांत ०, १, २, ४ आणि ८ मिलिलिटर टाका, एक मिनिट जोरात आणि दहा मिनिटं हळू ढवळा, अर्धा तास ठेवा. बाटलीमागे छापील कागद धरून कुठल्या बाटलीतून अक्षरं वाचता येतात ते लिहा. जलशुद्धीकरण केंद्रात डोस याच पद्धतीने ठरवतात. निवळलेलं पाणी म्हणजे पिण्याजोगं पाणी नव्हे, जंतू तसेच असू शकतात, हे फलकावर ठळक लिहायला लावा.

नोंदी

पक्की प्रयोगवही नंतर. प्रयोग चालू असताना मुलांच्या हातात कच्ची वही हवी, तारीख-वेळ घातलेली, पेनाने लिहिलेली, खोडरबर न लावता. चुकलं तर एक रेघ मारायची, जुना आकडा वाचता आला पाहिजे. चार जणांचा गट ठेवा आणि लिहिणारा दर आठवड्याला बदला, नाहीतर अक्षर चांगलं असलेली मुलगी वर्षभर फक्त लिहीतच राहते आणि परीक्षानळी मुलगेच धरतात.

पहिलं निरीक्षण मुलांना त्यांच्या बोलीत लिहू द्या. अहिराणीत, लेवा बोलीत, पावरीत, भिलीत. "हाई काय शे?" असं विचारणारं मूल प्रमाण भाषेत शब्द शोधत बसलं की पाहिलेलंच विसरतं. आम्ल, अवक्षेप, उदासिनीकरण हे शब्द दुसऱ्या दिवशी फळ्यावर येऊ द्या, तोवर त्यामागची गोष्ट त्याच्या ओळखीची झालेली असते.

प्रदर्शनाला जाताना ही कच्ची वहीच टेबलावर ठेवा. परीक्षक आकड्यांबद्दल विचारतात तेव्हा मुलाने वहीचं पान उलटून दाखवावं. पाठ केलेलं भाषण तिथे कामाला येत नाही. सहावी ते बारावीच्या मुलांची कल्पना इन्स्पायर मानक या केंद्र सरकारच्या योजनेत निवडली गेली तर तिच्यावर काम करायला विद्यार्थ्याच्या खात्यात १०,००० रुपये येतात, म्हणून मुलांची बँक खाती शाळा सुरू झाल्या झाल्या तपासून घ्या.

टाकाऊचं काय करायचं

सौम्य आम्ल आणि सौम्य आम्लारी एकमेकांनी उदासीन करून, सामू तपासून, भरपूर पाण्याबरोबर सोडता येतात. मोरचूद किंवा शिसं, क्रोमियम असलेली द्रावणं मोरीत नकोत. शाळेची मोरी बहुधा परसबागेत किंवा शेजारच्या शेतात जाते. ती रुंद तोंडाच्या बरणीत लेबल लावून साठवा. उन्हाळ्यात ती आपोआप आटतात, उरलेली पूड कुलपात ठेवा.

वर्षाची आखणी

जूनमध्ये कपाट आणि नियम. जुलै-ऑगस्टमध्ये तुरटी, आणि गोकर्ण फुललेली असते म्हणून दर्शक. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाण्याचे नमुने. पावसाचं पाणी मात्र आधीच बाटलीत भरून ठेवा. दिवाळीच्या सुट्टीत मुलांना उन्हाळ्यातला म्हणून आणखी एक नमुना कधी घ्यायचा ते ठरवून द्या, कारण बोअरची पातळी खाली गेली की जडपणा बदलतो का, हा स्वतंत्र प्रश्न आहे. डिसेंबरमध्ये केळ्याचा पहिला फेरा, फेब्रुवारीत सोडा आणि पापडखार. दहावीची परीक्षा सुरू झाली की प्रयोगशाळा अडकते, म्हणून मार्चचा केळ्याचा दुसरा फेरा नववीकडे सोपवा, आणि त्यांच्याकडून आलेख पूर्ण करून घेऊन वह्या शाळेच्या कपाटात जमा करा. पुढच्या वर्षीच्या नववीला तुलना करायला मागच्या वर्षीचे आकडे लागतील.